आधी गिरणी बघा

वाचकांचे प्रश्न, बाईंची उत्तरं

मागच्या अंकात सीलिॲक या आजाराबद्दल थोडं लिहिलं आणि खानापूरपासून निपाणीपर्यंतच्या घरांतून पत्रं आली. गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लूटेन नावाचं प्रथिन असतं. सीलिॲक असलेल्या माणसाच्या पोटात ते गेलं की शरीराची संरक्षणव्यवस्था स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. आतड्याचं अस्तर झिजतं, खाल्लेलं अंगी लागत नाही. आयुष्यभर ग्लूटेन पूर्ण टाळणं हाच सध्याचा उपचार. माझ्या धाकट्या मुलीला लहानपणीच हे निघालं, तेव्हापासून शहापुरातल्या आमच्या घरात गहू येत नाही. शाळेत मी गृहविज्ञान शिकवलं खरं, पण खाली लिहिलेलं बहुतेक तिला वाढवताना शिकलेलं आहे. तपासणीचं आणि औषधाचं तुमच्या डॉक्टरांना विचारा. स्वयंपाकघराचं मी सांगते.

प्रश्न : बाई, माझ्या नऊ वर्षांच्या मुलाला सीलिॲक आहे असं बेळगावच्या डॉक्टरांनी सांगितलं. तेव्हापासून त्याला चपाती, बिस्कीट, पाव काही देत नाही. आमच्याकडे तसाही भात आणि तांदळाची नाहीतर नाचण्याची भाकरीच असते. तरी त्याचं पोट फुगतं, मधेच जुलाब होतात, वजन तर वाढतच नाही. सासूबाई म्हणतात, डॉक्टरांचंच काहीतरी चुकलंय. – एक आई, खानापूर तालुका

उत्तर : ताई, डॉक्टर बदलायच्या आधी गिरणी बघा.

तुमच्या गावच्या गिरणीत तुमच्या डब्याआधी कोणाचं दळण होतं? बहुतेक वेळा गव्हाचं. जात्याच्या दगडांत, कापडी नळीत, खालच्या पेटीच्या कोपऱ्यांत ते पीठ बसलेलं असतं आणि तुमच्या नाचण्याबरोबर बाहेर येतं. कणकेत साधारण दहावा हिस्सा ग्लूटेन असतं. म्हणजे अर्धा ग्रॅम कणकेत जवळजवळ 50 मिलिग्रॅम. रोज एवढंच ग्लूटेन तीन महिने पोटात गेलं तरी सीलिॲकच्या रुग्णांच्या आतड्याला इजा होते, असं संशोधनात दिसलेलं आहे. अर्धा ग्रॅम म्हणजे दोन बोटांच्या चिमटीत मावेल एवढं पीठ. आता तुमच्या मुलाच्या ताटात दिवसाला किती भाकऱ्या जातात ते मोजा.

“आधी मूठभर तांदूळ टाकून गिरणी साफ करून देतो,” असं गिरणीवाले मनापासून सांगतात. त्यांचा हेतू चांगला असतो, पण मूठभर तांदळाने सगळी गिरणी धुतली जात नाही. सकाळचं पहिलं दळण मागून घेतलं तरी आदल्या रात्रीचा गहू आत असतोच. परवडत असेल तर घरघंटी घ्या आणि तिच्यात गव्हाचा एक दाणाही टाकू देऊ नका, पाहुण्यांसाठीसुद्धा नाही. परवडत नसेल तर माळ्यावर किंवा परड्यात पडलेलं जुनं जातं शोधा. तुमच्या भागात अजून बऱ्याच घरी ते आहे. घासून, धुऊन, उन्हात कडकडीत वाळवा आणि त्याच्या एकट्याच्या नाचण्यासाठी ठेवा. एका मुलापुरतं दळण जड जात नाही.

तोवर, म्हणजे उद्यापासूनच, गिरणीची गरज नसलेले पदार्थ करायला घ्या. भिजवून मिक्सरला वाटलं की गिरणीचा संबंध संपला. आंबोळी, घावन, इडली, अप्पे, उडदाची डाळ घातलेलं जाडसर धिरडं. नाचणीसुद्धा रात्री भिजवून, वाटून, तांदळाबरोबर आंबवता येते. मिक्सरचं भांडं मात्र आधी नीट धुवा; त्याच्या पात्याखाली काय काय अडकलेलं असतं ते उलटं करून बघाच. पोहे, चुरमुरे, साबुदाणा, वरीचे तांदूळ यांनाही दळण लागत नाही. धान्य आणलं की ताटात पसरून निवडा. ज्वारीच्या आणि नाचणीच्या पोत्यात गव्हाचे दाणे सापडतात, मी हाताने वेचलेले आहेत. निवडून झालं की दोन पाण्यांनी धुवा, वाळवा, मग दळा.

दुसरं म्हणजे हिंग. बाजारात मिळणारं पुडीतलं हिंग नुसतं हिंग नसतं. त्यात डिंक आणि पीठ मिसळलेलं असतं आणि बऱ्याचदा ते पीठ मैद्याचं असतं. डबीच्या मागे बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, चष्मा लावून वाचा. तांदळाचं पीठ घातलेलं हिंग मिळतं. खडा हिंग मिळाला तर उत्तम, आणि काहीच नसेल तर लसूण फोडणीला घाला. रोजच्या आमटीत रोज हिंग पडतं, म्हणून मी याचा एवढा धोशा लावते.

पोळपाट आणि लाटणं लाकडाचं असतं, त्याच्या भेगांत पीठ राहतं. मुलासाठी वेगळं घ्या, किंवा भाकरी परातीतच थापा. चाळण वेगळी हवी, तिची जाळी कधी स्वच्छ निघत नाही. स्टीलची भांडी घासली की झालं, त्यांची धास्ती घेऊ नका. घरातल्यांच्या चपात्या होत असतील तर त्याची भाकरी आधी भाजा, कणकेचा डबा नंतर उघडा. परातीतली पिठी हवेत उडते आणि शेजारच्या उघड्या भांड्यात जाऊन बसते.

शाळा राहिली. अक्षरदासोहात, म्हणजे शाळेतल्या दुपारच्या जेवणात, भात-सांबार असलं तरी सांबाराच्या मसाल्यात कुठलं हिंग आहे हे स्वयंपाकीणबाईंना ठाऊक असायचं कारण नाही. ज्या दिवशी उप्पीट असेल त्या दिवशी तर तोच डाव भाताच्या पातेल्यात जाणार. मुख्याध्यापकांना डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत द्या आणि डबा घरचा पाठवा. वर्गशिक्षकांना एवढंच सांगा की वाढदिवसाचं चॉकलेट-बिस्कीट त्याने घरी आणायचं, आई बघून देईल. मुलाला एकटं पाडू नका, त्याच्या डब्यातल्या आंबोळ्या जरा जास्त द्या म्हणजे मित्रांना वाटता येतील.

सासूबाईंशी भांडू नका. त्यांना म्हणावं, तुम्ही दळत होता तसं दळायचंय. एवढं सगळं करूनही दोन-तीन महिन्यांत फरक नाही पडला तर डॉक्टरांकडे परत जाच, कारण रक्तातल्या प्रतिपिंडांची, म्हणजे या आजारात शरीर जे लढाऊ घटक बनवतं त्यांची, पातळी उतरते आहे का हे ते तपासून सांगू शकतात. आणि घरात दुसरं मूल असेल तर त्याचीही तपासणी करून घ्या. रुग्णाच्या सख्ख्या भावंडांत आणि आईवडिलांत साधारण दहांतल्या एकाला हा आजार निघतो, कधीकधी काहीही त्रास नसताना.

प्रश्न : वय 52. जेवल्यावर गॅस, पोट जड. शेजाऱ्यांनी गहू सोडला आणि त्यांना बरं वाटलं, म्हणून मीही पुढच्या सोमवारपासून सोडणार आहे. खपली गहू चालेल ना? तो हलका असतो म्हणतात. – एक वाचक, निपाणी

उत्तर : सोमवारपासून सोडू नका. आधी डॉक्टरांना सांगून रक्ताची तपासणी करा. ती करताना रोजचं गव्हाचं जेवण चालू असावं लागतं. गहू सोडून काही आठवडे गेले की प्रतिपिंडं उतरतात, आतडं सावरायला लागतं आणि आजार असूनही तपासणी कोरी येऊ शकते. मग पुढे नक्की करायचं तर पुन्हा गहू खायला लावतात, आणि तो त्रास फार वाईट. रक्तात काही निघालं तर दुर्बिणीने लहान आतड्याचा नमुना घेतात.

खपली हा गहूच आहे. त्याची खीर आपल्याकडे सणावाराला होते, ती मला स्वतःला फार आवडायची. पण त्यात ग्लूटेन आहे आणि सीलिॲकला तो चालत नाही. गव्हाचा रवा, दलिया, शेवया, मैदा सगळं एकाच घरचं. ‘हलका’, ‘देशी’, ‘सेंद्रिय’ यांतल्या कुठल्याही शब्दाने ग्लूटेन कमी होत नाही.

आणि तपासणीत काही निघालं नाही तर गव्हाला दोष देत बसू नका. वयाच्या पन्नाशीत पोट जड होण्याची दुसरी अनेक कारणं असतात, ती शोधायला हवीत. ज्वारीची भाकरी जरूर खा, चांगलीच आहे, पण तिला औषध समजून खरं दुखणं झाकू नका.

हा आजार गव्हाशी जोडला गेला त्याची गोष्ट मी वर्गात मुलींना सांगत असे. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटच्या हिवाळ्यात, 1944-45 साली, हॉलंडमध्ये दुष्काळ पडला, पावाची टंचाई झाली. विलेम डिके नावाचे बालरोगतज्ज्ञ तिथे अशा आजारी मुलांवर उपचार करत होते. गव्हावर त्यांचा संशय आधीपासून होता. पाव मिळेना तेव्हा ही मुलं सुधारली आणि पाव परत आला तशी पुन्हा आजारी पडली. 1950 मध्ये त्यांनी आपला प्रबंध मांडला. मुलं काय खातात आणि त्यानंतर त्यांचं काय होतं याच्याकडे त्यांनी वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं. तेवढीच चिकाटी तुमच्या डॉक्टरांना दाखवू द्या.

प्रश्न : ‘ग्लूटेन-फ्री’ लिहिलेली पिठं, बिस्किटं, पास्ता फार महाग पडतात. पगार पुरत नाही. त्यांच्यावाचून चालेल का? – गोकाक

उत्तर : बिस्किटं आणि पास्त्यावाचून अगदी चालेल. पिठाच्या बाबतीत थोडा विचार करा. आपल्या अन्नसुरक्षा नियमांप्रमाणे एक किलो पदार्थात 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन नसेल तरच पाकिटावर ‘ग्लूटेन-फ्री’ लिहिता येतं. तुमच्याकडे घरघंटी नसेल तर ज्वारीच्या पिठाचं असं एखादं पाकीट घेणं हे सुट्या पिठापेक्षा सुरक्षित आहे, तिथे पैसे वाचवू नका. दळणाची सोय झाली की पाकीट बंद.

बाकी तुम्ही गोकाकचे. ज्वारीच्या मुलखात राहता. शाळू अख्खा घ्यायचा, वर्षाचा भरायचा. तांदूळ, तूर, मूग, हरभरा, शेंगा, सगळं अख्खं घ्या आणि घरी निवडा. आम्ही रविवार पेठेतून धान्य घेतो तेव्हा एकाच दुकानदाराकडून घेतो आणि त्याला कारण सांगून ठेवलंय, त्यामुळे तो गव्हाच्या पोत्यातलं माप आमच्या ज्वारीत घालत नाही. हे माप फार महत्त्वाचं, सुटं धान्य घेताना त्याच्यावर नजर ठेवा. तिखट-मसाला संकेश्वरी आणि ब्याडगी मिरची आणून घरीच करा.

लेबल वाचताना नाचणीच्या बिस्किटांना फसू नका, त्यांत बहुधा पहिला घटक मैदा किंवा गव्हाचं पीठ असतो. दुधात घालायच्या चॉकलेटी पावडरींत बऱ्याचदा जवाचं माल्ट असतं. आपल्या कर्नाटकात मिळणारं रागी माल्ट मात्र नुसत्या मोड आलेल्या नाचणीचं असेल तर चालतं. घटक वाचून घ्या. ओट्स मुळात गव्हाच्या जातीचे नव्हेत, पण शेतापासून कारखान्यापर्यंत गव्हात मिसळतात, म्हणून ‘ग्लूटेन-फ्री’ असा छाप असल्याशिवाय नको. उपवासाचं सामान तुमचं खरं मित्र आहे : राजगिरा, वरी, शिंगाडा, साबुदाणा. पीठ घेण्यापेक्षा अख्खा राजगिरा घ्या. अन् करदंट विसरू नका! डिंक, सुकामेवा आणि गूळ. करणाऱ्याला पीठ लावतो का एवढं विचारा आणि खुशाल खा.

प्रश्न : मी बेळगावात नोकरीला आहे, खोली घेऊन राहते. दुपारचं बाहेरच खावं लागतं. ऑफिसच्या पार्ट्या, मित्रमैत्रिणींची लग्नं. प्रत्येक ठिकाणी “अगं, एवढ्याने काय होतंय” ऐकून कंटाळा आला. – टिळकवाडी

उत्तर : एवढ्याने होतं, हे पहिल्या उत्तरात आकड्यांनिशी दिलंय, तेच कापून त्यांना दाखव.

बाळ, पहिलं म्हणजे आपल्या गावातल्या हॉटेलात स्वयंपाकघरातली भाषा बहुतेक कानडी असते, तेव्हा मालकाशी मराठीत बोलून भागत नाही. भट्टीवरच्या माणसाशी बोलायचं. दोन वाक्यं पाठ कर. “ननगे गोधी आगोदिल्ल” म्हणजे मला गहू चालत नाही. आणि “मैदा, रवा हाकिद्दीरा?” म्हणजे मैदा-रवा घातलाय का. हसतमुखाने विचारलं की लोक नीट सांगतात, कधी स्वतः डबा उघडून दाखवतात. माझ्या मुलीला तर एका खानावळीतल्या आजी तिची भाकरी आधी, कोऱ्या तव्यावर करून द्यायच्या.

खानावळ ही तुझी पहिली पसंती असावी. जोळद रोट्टी म्हणजे ज्वारीची भाकरी, भरलं वांगं, मुगाची उसळ, कारळ्याची नाहीतर शेंगांची चटणी, दही. सीलिॲकसाठी यापेक्षा चांगलं ताट मला कुठे दिसलं नाही. पण इथेही विचारायचं. रोट्टी मऊ राहावी, तुटू नये म्हणून काही ठिकाणी ज्वारीत कणीक मिसळतात किंवा थापताना गव्हाची पिठी लावतात. “जोळद हिट्टल्ली गोधी सेरिस्तीरा?” म्हणजे ज्वारीच्या पिठात गहू मिसळता का, एवढं विचार. जिथे चपात्या आणि रोट्ट्या एकाच माणसाच्या हातून, एकाच परातीत होतात, तिथे भात आणि दही खाऊन उठ. अशी एखादी खानावळ सापडली, खात्री झाली, की तिथेच जात राहा. रोज नवीन जागा शोधण्यात तुझी शक्ती घालवू नको.

उडुपी हॉटेलात साधी इडली बहुधा तांदूळ-उडदाची असते. रवा इडली, रवा डोसा, उप्पीट, केसरीबात गव्हाच्या रव्याचे. साध्या डोशाच्या पिठातही कुरकुरीतपणासाठी काहीजण मैदा किंवा रवा घालतात, आणि घातला नसला तरी ज्या तव्यावर आत्ताच रवा डोसा निघाला त्याच तव्यावर तुझा पडतो. सांबारात हिंग. म्हणून इडली आणि फोडणीविना खोबऱ्याची चटणी. मिरची भजी बेसनाची असली तरी त्याच कढईत पुऱ्या तळलेल्या असतात. गोबी मंचुरियनमध्ये मैदाही असतो आणि सोया सॉसमध्ये गहूही, त्याच्या वाटेला जाऊ नको.

मांसाहारी असशील तर एक जपायचं : आपल्याकडे मासे गोव्याच्या पद्धतीने रव्यात घोळवून तळतात. तांदळाचं पीठ लावून, वेगळ्या तव्यावर करून देतील का विचार, नाहीतर कालवण आणि भात घे, कालवणाला दाटपणा कशाचा आणलाय ते विचारून. पार्टीत बिअर नको, ती जवाची.

लग्नात घरून जेवून जायचं. साधा भात वाफाळता, पातेलं नुकतं उघडलेलं असताना घ्यायचा, मठ्ठा घ्यायचा, मंडळींबरोबर पंगतीत बसायचं. मांडे लांबूनच बघायचे. बेळगावच्या लग्नातले मांडे सोडणं जिवावर येतं हे मला माहीत आहे. माझ्या मुलीने लहानपणी त्यापायी रडून घर डोक्यावर घेतलं होतं. पण कुंदा आहे ना. दूध, खवा, साखर आटवून केलेला. घरगुती कृतीत कुणी कुणी रवा घालतं, म्हणून कुणाच्या घरचा असेल तर विचार.

प्रश्न : माझं लग्न ठरतंय. मुलाकडच्यांना माझ्या आजाराबद्दल अजून सांगितलेलं नाही. आई म्हणते, आत्ता नको, मोडेल. त्यांच्याकडे होळीला पुरणपोळ्यांचा मोठा थाट असतो. मी काय करू? – चिकोडी तालुका

उत्तर : सांग. साखरपुड्याच्या आधी सांग, आणि मुलाला तू स्वतः सांग.

तुझ्या आईची भीती मला कळते. मीही मुलीची आई आहे. पण हे लपवून निभत नाही, कारण हा आजार रोज तीन वेळा ताटात येतो. सासरी गेल्यावर पहिल्याच आठवड्यात तुला चपाती वाढतील. आग्रहाला नाही म्हणता येणार नाही, तू खाशील, आणि आजारी पडशील. उपचाराविना राहिलेल्या सीलिॲकमध्ये रक्त कमी होतं, हाडं ठिसूळ होतात, गर्भपाताचा धोका वाढतो. नीट पथ्य पाळणाऱ्या बाईचा संसार, बाळंतपण, नोकरी सगळं इतरांसारखं होतं. आजार लागट नाही. उष्ट्याने, स्पर्शाने कुणाला होत नाही. मुलांत येण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते, तीही सांग, आणि हेही सांग की वेळीच कळलं तर ते मूलही धडधाकट वाढतं. तुझे कागद आणि डॉक्टरांना भेटायचा दिवस मुलाला दे. तो आला तर तुझं अर्धं काम झालं. ऐकून जे लोक मोडतील त्यांच्या घरी तुझं पथ्य कधीच सांभाळलं गेलं नसतं. आईला हे पत्र वाचून दाखव.

होळीचं म्हणशील तर पुरणात गहू नाहीच. हरभऱ्याची डाळ, गूळ, वेलदोडा, जायफळ. कटाच्या आमटीतही नाही, हिंग तेवढं बघायचं. अडचण फक्त वरच्या पारीची, ती तांदळाची कर. एक वाटी घरच्या घंटीवर दळलेलं बारीक तांदळाचं पीठ, त्याला एक वाटीला थोडं जास्त पाणी. पाण्यात मीठ, चमचाभर तूप आणि एक चहाचा चमचा इसबगोल घालून उकळी आण, पीठ घाल, झाकून दोन वाफा काढ. इसबगोलाने उकड चिकट होते आणि थापताना फाटत नाही. गरम असतानाच तेलाच्या हाताने खूप मळ. पुरण कोरडं शिजव, ओलं राहिलं तर पारी फुटते. उकडीच्या पारीत पुरण भर, केळीच्या पानावर तूप लावून तळहाताएवढीच पोळी थाप, वर पानाचा दुसरा तुकडा ठेवून हलक्या हाताने पसरव, पानासकट तव्यावर उलटी टाक आणि पान सुटलं की काढून घे. दोन्ही बाजूंनी तूप सोड. मोठी करायला जाऊ नको, उचलताना मोडेल. सासरी पहिल्या होळीला तुझा तवा सगळ्यांत आधी ठेवायला सांग, कणकेच्या पोळ्या नंतर होतील, आणि दोन पोळ्या जास्त कर, कारण घरातली मुलं मागायला येणार.